डिझेल मीटर बंद, बाकी गाडी ओके

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की विकणारा टायर दाखवतो, हायड्रॉलिक उचलून दाखवतो, इंजिनाचा धूर दाखवतो. आणि नजर डॅशबोर्डकडे वळली की वरचं वाक्य ठरलेलं. घेणाराही मान डोलावतो. वीस-पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्टरवर डिझेलचा काटा चालू असेल तर त्याचंच नवल वाटतं. एकतर तो कायम तळाला झोपलेला असतो, नाहीतर टाकी कोरडी पडली तरी 'फुल' दाखवत ताठ उभा असतो. मग झाकण काढून काठी बुडवायची, किंवा टाकीवर टिचक्या मारून आवाजावरून अंदाज बांधायचा.

ट्रॅक्टरवरच्या सगळ्या यंत्रणांत ही सर्वांत साधी आहे. एक मीटर, टाकीत एक फ्लोट, मध्ये एक वायर. तरी ती वर्षानुवर्षं बंद राहते, कारण दुरुस्तीची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. दुकानातून आधी नवा मीटर आणला जातो. जुन्या ट्रॅक्टरवर बिघाड बहुधा मीटरमध्ये नसतोच. तो असतो वायरीत, अर्थिंगमध्ये नाहीतर टाकीत.

टाकीत काय बसवलेलं असतं

घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढलं की गोळा वर, दांडी वर. डिझेलच्या टाकीत तसाच एक तरंगणारा डबा असतो, तो फ्लोट. फरक एवढाच की त्याची दांडी नळ बंद करत नाही. दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूची एक छोटी जीभ असते आणि ती बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत पुढे-मागे सरकते. हा सगळा तुकडा एका गोल चकतीवर बसवलेला असतो आणि चकती टाकीवर स्क्रूंनी आवळलेली असते. स्पेअर पार्टच्या दुकानात याला 'टँक युनिट' म्हणतात.

तारेचं वेटोळं काय करतं ते कळायला पंख्याचा जुना, डब्याएवढा रेग्युलेटर आठवा. बटण फिरवलं की वीज कमी-जास्त तारेतून जाते. तार जास्त तर अडथळा जास्त, पंखा हळू. विजेच्या वाटेतल्या या अडथळ्याला अवरोध म्हणतात आणि तो ओममध्ये मोजतात. टँक युनिट म्हणजे फ्लोटने फिरवलेला रेग्युलेटर, बस. मीटरला डिझेलमधलं काही कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की समोर किती ओम आहेत.

विजेचा प्रवास असा: बॅटरी, चावी, फ्यूज, मीटर, तिथून एक वायर टँक युनिटला, युनिटमधून टाकीच्या पत्र्यात, पत्र्यातून चेसीत, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यात, आणि चेसीतून परत बॅटरीला. पाटाचं पाणी वाफ्यात जिरलं की संपलं, वीज मात्र बॅटरीला परत पोचली तरच वाहते. पत्र्यातून जाणारी ही परतीची वाट म्हणजे अर्थ. दुसरी वायर दिसत नाही म्हणून ती वाटच नाही असं समजलं जातं आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

काट्याच्या दोन जाती

चावी चालू-बंद करून काट्याकडे बघा. चावी दिल्याबरोबर काटा टुणकन जागेवर आला आणि बंद केल्यावर कुठेतरी मध्येच रेंगाळला, तर तो चुंबकी मीटर. आत तारेच्या दोन गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, असतात. एक काट्याला रिकाम्याकडे ओढते, दुसरी भरल्याकडे. कोणत्या कॉइलमध्ये किती वीज जायची ते टँक युनिट ठरवतं. बॅटरी जरा उतरली तरी दोन्ही कॉइलींचा जोर सारखाच कमी होतो, त्यामुळे काटा फारसा हलत नाही.

चावी दिल्यावर काटा सावकाश, अर्धा-एक मिनिट घेत चढला आणि बंद केल्यावर तसाच सावकाश खाली बसला, तर तो उष्णतेवर चालणारा मीटर. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, तापली की वाकते. तशीच पट्टी इथे काट्याला जोडलेली असते आणि तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. या जातीला व्होल्टेज कमी-जास्त झालेलं चालत नाही, म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटी डबी बसवतात, साधारण १० व्होल्ट स्थिर ठेवणारी. डिझेलचा आणि इंजिनाच्या तापमानाचा, असे दोन्ही काटे एकदमच जास्त किंवा एकदमच कमी दाखवायला लागले तर दोन्ही मीटर खोलत बसू नका. आधी ती डबी आणि तिचं अर्थिंग बघा.

आधी मीटरची परीक्षा

सामान फार नको: एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओम मोजणारा), हातभर वायर, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर. डिझेलच्या टाकीचं झाकण घट्ट लावून घ्या.

चावी द्या. इतर इंडिकेटर, दिवे लागतात का? काहीच लागत नसेल तर फ्यूज बघा. मीटरच्या मागे बहुधा 'आय' आणि 'एस' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. 'आय' म्हणजे चावीकडून येणारी वीज, 'एस' म्हणजे टाकीकडे जाणारी वायर. तिसरं 'जी' असेल तर ते अर्थ. 'आय'वर १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत (वरची डबी असलेल्या मीटरवर कमी येतील आणि मल्टिमीटरचा आकडा नाचेल, ते ठीक). तिथे वीजच नसेल तर टाकीपर्यंत जायचं कारण नाही.

आता टँक युनिटवरची वायर काढा आणि हवेत धरा. काटा कुठे गेला ते बघा. मग तीच वायर, टाकीच्या तोंडापासून लांब, चेसीच्या घासून चकचकीत केलेल्या जागेवर टेकवा. वायर पुरत नसेल तर हातभर वायरीने लांबवा. काटा आता दुसऱ्या टोकाला जायला हवा. उष्णतेच्या मीटरला वेळ लागतो, पण दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नका, आतली तार जळते. काटा निघाला एवढं दिसलं की पुरे.

एका टोकाहून दुसऱ्या टोकाला काटा गेला, तर मीटर चांगला आहे आणि वायरही. दोष टाकीकडे. काटा जागचा हललाच नाही, तर हीच चाचणी मीटरच्या मागे 'एस'वर करा. तिथे हलला तर मधली वायर तुटलेली किंवा कुठेतरी घासून चेसीला लागलेली. तिथेही हलला नाही आणि वीज मात्र येतेय, तर मीटर गेला. एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि नवा मीटर घ्यायचा की नाही याचं उत्तर मिळतं.

वायरीचं म्हणाल तर शेडमध्ये शेजारी कडबा आणि पोती असली की उंदीर हमखास. डॅशबोर्डखाली आणि टाकीच्या कडेला जिथे वायर बोनेटच्या पत्र्यातून जाते, तिथे बोट फिरवून बघा. नवी टाकायची तर ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची, टोकांना दाबून बसवलेले लग (स्क्रूखाली घालायच्या धातूच्या कड्या) आणि पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट. काळी टेप उन्हात पाघळून चिकट होते, तिच्याऐवजी तापवून आक्रसणारी स्लीव्ह चढवा.

टाकी खोलायच्या आधी एक वायर लावून बघा

दोष टाकीकडे निघाला की लगेच स्क्रू खोलू नका. काढलेली वायर परत युनिटला जोडा. हातभर वायरीचं एक टोक युनिटच्या चकतीवरच्या स्क्रूला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. (फार जुन्या काही ट्रॅक्टरांची बॅटरी पॉझिटिव्ह बाजूने अर्थ केलेली असते. तिथे चेसीला जी बाजू जोडलेली आहे ती धरा.) काटा जिवंत झाला? मग बिघाड फक्त अर्थिंगचा होता.

हे इतक्या वेळा का निघतं? चकतीखाली पॅकिंग असतं, ते कॉर्कचं किंवा रबराचं, त्यातून वीज जात नाही. वीज जाते ती फक्त त्या चार-पाच बारीक स्क्रूंमधून. त्यावर गंज बसतो, रंगकाम करताना रंगाचा थर बसतो, आणि कधी गळती थांबवायला कुणीतरी स्क्रूंना टेफलॉन टेप गुंडाळलेली असते. शिवाय टाकी हादरू नये म्हणून तिच्या पट्ट्यांखाली रबर घातलेलं असतं. म्हणजे टाकी डिझेलने भरलेली, पण विजेच्या दृष्टीने हवेत लटकलेली. ट्रॅक्टर नव्याने रंगवून आणला आणि काटा बंद पडला, ही तक्रार याच घरातली. चकतीच्या एका स्क्रूखाली लग घालून तिथून चेसीला कायमची वायर द्या. दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून, बसवल्यावर वरून ग्रीसचा हात फिरवा.

'डिझेल काही काडीने पेटत नाही!'

उघड्या ताटलीतलं थंड डिझेल सहजी पेटत नाही, हे खरं. पण टाकीत धोका असतो तो वाफेचा. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात, आयएस १४६० मध्ये, ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते किमान ३५ अंश सेल्सिअस ठेवलं आहे. विदर्भात मे महिन्यात हवाच त्याच्या वर असते, आणि टाकी बहुतेक ट्रॅक्टरांवर तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर. तेव्हा काम सकाळी, गार इंजिनावर करा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा, बिडी लांब. आणि टाकीला गळती असली तरी 'रिकामीच आहे' म्हणून तिच्यावर वेल्डिंग करायला देऊ नका. रिकामी टाकी म्हणजे वाफेने भरलेली टाकी.

युनिट बाहेर काढताना

चकतीभोवतीची धूळ आधी ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर ती सगळी डिझेलमध्ये. युनिट टाकीच्या बाजूला असेल तर डिझेल त्याच्या खाली येईपर्यंत काढून घ्यावं लागेल. स्क्रू बहुधा पाच असतात आणि त्यांच्यातलं अंतर मुद्दाम विषम ठेवलेलं असतं, म्हणजे चकती एकाच पद्धतीने बसावी. तरीही खडूची खूण करा. शेवटचा स्क्रू बोटाने काढताना खाली चुंबक धरा, टाकीत पडलेला स्क्रू शोधणं हा वेगळाच कार्यक्रम होतो. फ्लोट भोकातून सरळ येत नाही, युनिट तिरकं करून फिरवत काढायचं. ओढलं की दांडी वाकते, आणि दांडी वाकली की काटा पुढे जन्मभर चुकीचं दाखवतो.

मल्टिमीटर ओमवर लावा. एक टोक वायरीच्या स्क्रूला, दुसरं चकतीला. आता दांडी अगदी सावकाश, खालून वर न्या. आकडा एकसारखा बदलत गेला पाहिजे. मध्येच अडकला, उडाला किंवा पडद्यावर एकटा '१' आला, म्हणजे त्या जागी जीभ टेकत नाही. ही जागा बहुतेक वेळा वेटोळ्याच्या मधल्या-खालच्या भागात सापडते. कारण साधं आहे. टाकी काठोकाठ भरलेली क्वचित असते, अर्धी-पाव टाकीवरच महिनोन्‌महिने काम चालतं. ढेकळांत ट्रॅक्टर हिंदकळतो, डिझेल हिंदकळतं, आणि जीभ त्याच बोटभर जागेवर रात्रंदिवस घासत राहते.

नुसता काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पेन्सिलच्या खोडरबराने हळूच पुसा. पॉलिश पेपर इथे नको, तार केसासारखी बारीक असते. जीभ सैल पडली असेल तर नखाने किंचित दाबून ताण वाढवा, पण जास्त दाबली तर ती तार कापत जाईल. तारच तुटली असेल तर नवं युनिट घ्या. या जातीच्या तारेला साधं सोल्डर धरत नाही, धरलं तरी टिकत नाही.

फ्लोट बुडतो कसा?

काटा नेहमी तळाला आणि ओम मात्र नीट बदलतायत, तर फ्लोट कानाशी धरून हलवा. आत 'खळक' असा आवाज आला तर डिझेल शिरलंय. पितळी फ्लोटचं छिद्र डोळ्याला दिसत नाही. तो कढत पाण्याच्या भांड्यात चिमट्याने बुडवून धरा. आतली हवा तापून फुगते आणि सांध्यावरच्या एका बिंदूतून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. तिथे खूण करा.

पुढची पायरी लोक खातात आणि भाजून घेतात. आत डिझेल असताना फ्लोटवर सोल्डरिंग केलं की ते तापून वाफ होते आणि फ्लोट फुटतो. आधी बारीक ड्रिलने छिद्र पाडून डिझेल गाळून काढा, एक-दोन दिवस उन्हात ठेवा, हलवून आणि हुंगून खात्री करा. मग दोन्ही छिद्रं सोल्डरने बंद करा, ज्योतीने नाही, विजेच्या सोल्डरिंग गनने. गन टेकवण्याची जागा टाकीपासून लांब. सोल्डर अगदी पातळ: फ्लोट जड झाला की खोल बसतो आणि काटा कमी दाखवतो. प्लास्टिकचा फ्लोट फुटला असेल तर चिकटवत बसू नका, बदला.

नवा मीटर बसवला, आता काटा उलटा चालतोय

टाकी भरली की काटा खाली, रिकामी होत गेली की वर. इलेक्ट्रिशियनने वायर उलटी लावली असं वाटतं, पण त्याची चूक नसते. जगात टँक युनिटच्या ओमचे एकाहून अधिक हिशेब चालतात. एका हिशेबात रिकामी टाकी म्हणजे सुमारे २४० ओम आणि भरलेली म्हणजे ३३. दुसऱ्यात रिकामी १० आणि भरलेली १८०. आणखी एकात रिकामी ०, भरलेली ९०. आता १०-१८० चं युनिट टाकीत आहे आणि तुम्ही २४०-३३ चा मीटर आणला. भरलेल्या टाकीचे १८० ओम त्या मीटरला जवळजवळ रिकामे वाटणार, आणि कोरड्या टाकीचे १० ओम भरलेले. हा बंद काट्यापेक्षा वाईट, कारण टाकी संपत आलेली असताना तो निर्धास्त करतो.

म्हणून दुकानात जाताना दोन आकडे कागदावर लिहून न्या: दांडी तळाला असताना किती ओम, वर असताना किती. मघाच्या चाचणीतही याची खूण मिळते. वायर चेसीला टेकवल्यावर काटा 'फुल'कडे गेला तर तुमचा मीटर पहिल्या हिशेबातला, तळाला गेला तर दुसऱ्या बाजूचा. दुकानदाराला खात्री नसेल तर मीटर आणि युनिट जोडीनेच घ्या. दांडीची लांबीही जुन्याशी जुळवून बघा. टाकी उथळ आणि दांडी लांब असली तर फ्लोट तळाला आधी टेकतो आणि काटा खालचा टप्पा दाखवतच नाही.

बसवताना

युनिट टाकीत घालायच्या आधी बाहेरच जोडा. बॅटरी लावा, चकती वायरीने चेसीला अर्थ करा, झाकण बंद, टाकीचं भोक कापडाने झाकलेलं. दांडी हाताने वर-खाली करा. काटा बरोबर चालला तरच आत घाला.

पॅकिंग कॉर्कचं किंवा नायट्राइल रबराचं घ्या. जुन्या ट्यूबचं गोल कापून लावायची आपल्याकडे रीत आहे, तिथे पैसे वाचवू नका. ट्यूबचं रबर डिझेलने फुगतं, मऊ पडतं, दोन-तीन महिन्यांत स्क्रूंच्या मधून बाहेर डोकावतं. टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर बांधावरून गेला की डिझेल झिरपतं आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी आत जातं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पूर्ण जोर एका बाजूला दिला की चकती वाकते.

काठी आहे की! मग एवढा खटाटोप कशाला?

काठी वाईट नाही. उभ्या ट्रॅक्टरवर ती मीटरपेक्षा अचूकच. पण काठी घालायला थांबावं लागतं, आणि रात्री नांगरट चालू असताना कुणी थांबत नाही. ओढीच्या कामाला ३५-४० एचपीचा ट्रॅक्टर तासाला चार-पाच लिटर सहज पितो. डिझेल संपून इंजिन बंद पडलं की नुसतं डिझेल ओतून ते चालू होत नाही, कारण लाइनमध्ये हवा शिरलेली असते. मग फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत मारत रहा, स्क्रू आवळा, तरीही नाही झालं तर नोझलच्या पायपांचे नट सैल करून स्टार्टर मारा. अंधारात, बॅटरीच्या उजेडात. शिवाय तळाशी साचलेला गाळ आणि पाणी अशाच वेळी ओढलं जातं, आणि इंजेक्शन पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच.

'काटा अर्ध्यावर, पण टाकीत अर्धं डिझेल नाही'

घागर डोळ्यांसमोर आणा. पोटाशी चार बोटं पाणी आणि गळ्याशी चार बोटं पाणी सारखं नसतं. फ्लोट उंची मोजतो, लिटर नाही. बोनेटखालच्या टाक्या इंजिनाला जागा देण्यासाठी खालून कापलेल्या, खाचा पाडलेल्या असतात, म्हणून वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा जास्त डिझेल धरतो. काटा अर्ध्यापर्यंत रमतगमत येतो आणि पुढे भराभर उतरतो तो यामुळे. चढ-उतारावर, किंवा एक चाक नांगराच्या तासात असताना, आकडा बघूच नका. ड्रायव्हरने दोन लिटर काढले का, हे या काट्यावरून ठरवणंही अन्यायाचं: ४५-५० लिटरच्या टाकीवर काट्याच्या जाडीतच लिटर-दीड लिटर जातं.

उपाय आहे, एका दुपारचा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, टाकी शक्य तितकी रिकामी करा. मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओता. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून काटा कुठे आला ते मीटरच्या काचेवर बारीक मार्करने टिंब देऊन दाखवा, आणि त्याच वेळी काठी बुडवून तिच्यावर ब्लेडने खाच करा. पहिले पाच लिटर पडूनही काटा हललाच नाही तर घाबरू नका, फ्लोट तळाशी टेकलेला असतो, ते तुमचं रिझर्व्ह. किती लिटर पडल्यावर काटा पहिल्यांदा हलला तो आकडा डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, म्हणजे ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातात गेला तरी त्यालाही कळेल.